मास कस्टमायझेशन : साचा एक, सरी ज्याची त्याची

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने बोंब! मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी "नाही जमणार" असंच सांगितलं होतं. पण हा विषय मला इंग्रजी पुस्तकातून पाठ झाला आणि समजला मात्र मराठीतून, तोही मामांच्या वर्कशॉपमध्ये. म्हणून मराठीतच लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

'मास कस्टमायझेशन' ही संज्ञा आपल्यापैकी बहुतेकांनी दोन मार्कांसाठी वाचलेली असते. 'मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाइतक्या कमी खर्चात प्रत्येक ग्राहकाला त्याच्या गरजेप्रमाणे वस्तू देणे' ही झाली व्याख्या. उदाहरणादाखल परदेशी कॉम्प्युटर नाहीतर बूट. मीही तेच लिहिलं आणि मार्क मिळवले. पण तीन माणसांच्या वर्कशॉपला याचा काय उपयोग, हा प्रश्न कधी पडलाच नाही. तो पडला सुट्टीत, कळसला.

मामांचं वर्कशॉप

कळस हे इंदापूर तालुक्यातलं गाव. या भागात एकीकडे पाण्याखालचा ऊस आणि डाळिंब, तर दुसरीकडे मुरमाड माळरान. एकाच शेतकऱ्याचा एक तुकडा काळ्या रानात आणि दुसरा माळाला, असंही असतं. मामांचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, दोन वेल्डिंग मशिन, एक गॅस कटर, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि मामा धरून तीन माणसं. सरी पाडायचे रेजर, फणपाळीचे कल्टिव्हेटर, ट्रॉल्या आणि अधूनमधून घराची गेटं. सरकारी भाषेत हा 'सूक्ष्म उद्योग'. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असली की सूक्ष्म. मामा हे ऐकून खूप हसले. म्हणाले, "म्हंजे आम्ही सूक्ष्माच्या पण खालचं."

पण त्या दिवशी हसण्यासारखं वातावरण नव्हतं. जेवताना मामा मामींना म्हणाले, "हे बंद करून तयार अवजारांची एजन्सी घ्यावी म्हणतोय. गिऱ्हाईक आता थांबत न्हाई." त्यांचं म्हणणं सोपं होतं. कंपनीचं अवजार दुकानात तयार असतं. सकाळी पैसे दिले की दुपारी शेतात. मामांकडे ऑर्डर दिली की आठ-दहा दिवस. शिवाय लोखंड थोडं थोडं आणल्यामुळे महाग पडतं, म्हणून किंमतही जास्त. एजन्सी घेतली असती तर मामांचं भागलं असतं. पण शेडमधल्या दोघांना दुसरीकडे काम शोधावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये बसले होते. एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. मागे कोरा करकरीत कंपनीचा रेजर, रंगसुद्धा उडालेला नाही. म्हणाला, "आण्णा, ह्यो कापून पाच फुटावर जोडून द्या." नवी वस्तू विकत घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कापायला आणली!

मला तिथे पुस्तकातली व्याख्या आठवली. गिऱ्हाइकाला कंपनीची किंमत आणि कंपनीचा वेग हवा होता, पण माप स्वतःचं हवं होतं. दोन्ही एका जागी मिळत नव्हतं म्हणून तो दोनदा पैसे मोजत होता. म्हणजे मामांच्या कामाला मागणी होती. फक्त ती त्यांच्यापर्यंत उशिरा, दुरुस्तीच्या रूपात पोचत होती.

आधी थोडा इतिहास

पूर्वी गावात सुतार आणि लोहार शेतकऱ्याचा नांगर त्याच्या बैलांच्या उंचीप्रमाणे आणि रानाप्रमाणे घडवत. शंभर टक्के कस्टमायझेशन! पण प्रत्येक नग पहिल्यापासून करायचा आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसेलच असं नाही.

नंतर आले कारखाने. आपल्याकडे यातलं मोठं नाव म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन बिघडते अशी तेव्हा समजूत होती, म्हणून दोन वर्षं तो विकलाच जात नव्हता. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर घरोघरी गेला. कारखान्यात बनल्यामुळे सगळे नांगर एकसारखे आणि फाळ झिजला तर तेवढा भाग नवा बसवता येई. साधारण त्याच काळात अमेरिकेत फोर्डने १९१३ मध्ये फिरती असेंब्ली लाईन सुरू केली. १९१४ ते १९२५ पर्यंत त्यांची 'मॉडेल टी' गाडी फक्त काळ्या रंगात मिळत असे. स्वस्त हवं तर एकसारखं घ्या, हा त्या काळाचा नियम.

हा नियम मोडता येईल हे सांगणारा शब्द १९८७ मध्ये आला. स्टॅन डेव्हिस यांनी 'मास कस्टमायझेशन' हा शब्द वापरला आणि १९९३ मध्ये जोसेफ पाइन यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. १९८७ मध्येच जपानच्या नॅशनल बायसिकल या कंपनीने सायकली मापाने बनवायला सुरुवात केली. दुकानदार गिऱ्हाइकाला एका खास फ्रेमवर बसवून माप घ्यायचा, ते फॅक्सने कारखान्यात पाठवायचा आणि साधारण दोन आठवड्यांत त्या मापाची सायकल हजर! मॉडेल, रंग आणि मापं मिळून १ कोटी १२ लाखांहून जास्त प्रकार शक्य होते. अर्थात इतक्या तऱ्हेचे सुटे भाग त्यांनी बनवून ठेवलेले नव्हते. थोड्या भागांच्या खूप जोड्या होतात, एवढंच.

मामांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "सायकलवाला दोन आठवडं थांबंल. वाफसा थांबतो व्हय?" अगदी खरं. पावसानंतर किंवा पाणी दिल्यावर जमीन मशागतीला योग्य होते ती मोजके दिवस. तेवढ्यात अवजार हातात नसेल तर नंतर मिळून काय उपयोग? म्हणजे आपल्याकडे माप तर हवंच, पण वेळेतही हवं.

शेतातच असलेलं उदाहरण

आता गंमत बघा. मास कस्टमायझेशन कळसच्या शेतात आधीच पोचलेलं आहे. ते म्हणजे ठिबक सिंचन. इस्राएलमध्ये १९६५ साली नेटाफिम कंपनी सुरू झाली आणि हे तंत्र जगभर गेलं. आपल्याकडे जळगावच्या जैन इरिगेशनने ते महाराष्ट्रात घरोघरी नेलं. ठिबकचे भाग कोणते? १२, १६ आणि २० मिलिमीटरच्या नळ्या; तासाला २, ४, ८ लिटर पाणी देणारे ड्रिपर; ठरावीक मापांचे पीव्हीसी पाइप; काही तऱ्हेचे फिल्टर आणि व्हॉल्व्ह. हे सगळे भाग कारखान्यात लाखोंनी बनतात. पण जोडणी प्रत्येक रानाची वेगळी.

एक छोटासा हिशोब करू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. उसाच्या सरीत पाच फूट अंतर धरलं तर नळी लागेल ४३,५६० भागिले ५ म्हणजे ८,७१२ फूट, साधारण २,६५५ मीटर. नळीत दर ४० सेंटिमीटरला ४ लिटरचा ड्रिपर असेल तर सुमारे ६,६४० ड्रिपर आणि पाणी तासाला साडेसव्वीस हजार लिटरच्या आसपास. आता शेजारच्या एकरात डाळिंब घ्या, १५ बाय १० फुटांवर. झाडं २९०, नळी साधारण ८८५ मीटर, प्रत्येक झाडाला ४ लिटरचे चार ड्रिपर धरले तर पाणी तासाला ४,६४० लिटर. नळी तीच १६ मिलिमीटरची, ड्रिपर तेच ४ लिटरचे. पण पाण्यात जवळजवळ पावणेसहा पट फरक! शेतकऱ्याला त्याच्या रानाप्रमाणे संच मिळाला आणि कारखान्याला मात्र वेगळं काहीच बनवावं लागलं नाही.

गावातलं रंगाचं दुकानही असंच चालतं. दुकानदार पांढरट बेसचे डबे आणि थोडे रंगद्रव्यांचे डबे ठेवतो. तुम्ही कार्डावरची छटा दाखवली की मशिन ठरलेले थेंब टाकतं आणि डबा हलवून देतं. हजारांवर छटा, पण दुकानात डबे मोजकेच. वेगळेपणा शेवटच्या पाच मिनिटांत येतो. याला पुस्तकात 'पोस्टपोनमेंट' म्हणतात, म्हणजे वेगळं करणं शेवटपर्यंत लांबणीवर टाकणं. (आपण सबमिशन लांबणीवर टाकतो ते वेगळं!)

या दोन्ही उदाहरणांत एकच तत्त्व आहे : काय एकसारखं ठेवायचं आणि काय वेगळं होऊ द्यायचं, हे आधी ठरवायचं. महागडी मशिनरी हा नंतरचा प्रश्न.

जोड एक ठेवायचा

मी मामांना विचारलं, "तुमच्या सगळ्या अवजारांत एकसारखं काय आहे?" ते म्हणाले, "काईच न्हाई. जसं गिऱ्हाईक सांगतं तसं." पण ते पूर्ण खरं नव्हतं. ट्रॅक्टरला अवजार जोडायच्या तीन जागा असतात. हॅरी फर्ग्युसन यांची ही तीन बिंदूंची जोडणी १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरबरोबर मोठ्या प्रमाणावर बाजारात आली आणि पुढे जगभरात प्रमाण झाली. खालच्या पिना लहान ट्रॅक्टरला २२ मिलिमीटरच्या, मोठ्या ट्रॅक्टरला २८ मिलिमीटरच्या. वरची पिन अनुक्रमे १९ आणि २५. बस्स, जवळजवळ सगळा व्यवहार या दोन मापांत चालतो. म्हणून तर कोणत्याही कंपनीच्या ट्रॅक्टरला कळसच्या शेडमधला रेजर बसतो.

पुस्तकातल्या भाषेत हा 'इंटरफेस'. मामांच्या भाषेत 'जोड'. जोड पक्का ठरलेला असेल तर जोडाच्या अलीकडे-पलीकडे हवं ते बदलता येतं. हेच आपण रेजरच्या आत का करू नये, असा विचार पुढे आला.

मामांच्या ऑर्डरची वही आम्ही दोन संध्याकाळ वाचली. प्रत्येक ऑर्डर वेगळी वाटत होती. पण वेगळेपणा कुठे कुठे आहे ते मांडल्यावर फक्त चार प्रश्न उरले :

१) ट्रॅक्टर लहान की मोठा? दोन पर्याय.
२) रेजर किती? लहान ट्रॅक्टरला एक किंवा दोन, मोठ्याला दोन किंवा तीन. म्हणजे पुन्हा दोन पर्याय.
३) सरीतलं अंतर किती? साडेतीन, चार, साडेचार, पाच फूट. चार पर्याय.
४) रान काळं की मुरमाड? फाळ दोन तऱ्हेचे.

गुणाकार केला तर २ × २ × ४ × २ = ३२ प्रकार. यातले काही निरर्थक आहेत. रेजर एकच असेल तर दोघांतलं अंतर कुठून येणार? तिथले ८ प्रकार प्रत्यक्षात २ च होतात. पाच फुटांवर तीन रेजर लावले तर अवजार दहा फुटांच्या वर जातं, ते गावातल्या रस्त्याने न्यायचं कसं? तेही २ प्रकार वगळा. उरले २४.

आता हे २४ प्रकार बनवायला भाग किती लागतात? ट्रॅक्टरला जोडायचे पुढचे सांगाडे दोन, आडवे बार दोन, उभा दांडा एकाच मापाचा, क्लॅम्प एकच, पंखांची जोडी एकच आणि फाळ दोन तऱ्हेचे. एकूण ९. नऊ तऱ्हेच्या भागांतून चोवीस तऱ्हेचे रेजर!

पूर्वी मामा दांडा थेट बारला वेल्ड करत. म्हणून चार फुटाचा रेजर कायमचा चार फुटाचाच. आता दांडा क्लॅम्पने बारवर बसतो आणि सरकवता येतो. म्हणजे अंतराचा निर्णय अगदी शेवटी, गिऱ्हाईक समोर उभं असताना घेता येतो. आणि उद्या त्याने उसाची पद्धत बदलली तर तो स्वतःच नट ढिले करून बदलू शकतो.

याचा सगळ्यात मोठा फायदा साठ्यात आहे. चोवीस प्रकारांचा प्रत्येकी एक तयार नग ठेवायचा तर चोवीस रेजरचं लोखंड अडकणार आणि नेमका मागितलेला प्रकार संपलेला असणार (मर्फीचा नियम!). पण उभा दांडा सगळ्यांना एकच असल्यामुळे तो कधी वाया जात नाही. कोणाचीही ऑर्डर येवो, लागणारच. उसाच्या लागणी तीन हंगामांत होतात : आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. मधल्या सुस्तीच्या दिवसांत दांडे, क्लॅम्प, पंख तयार करून ठेवायचे आणि हंगामात फक्त जोडणी करायची. लोखंडही एकदम आणता येतं, त्यामुळे भाव बरा मिळतो.

एका नगाचा खर्च

पण इथे तुम्ही म्हणाल, भाग एकसारखे झाले तरी एकेक ऑर्डर करताना वेळ जातोच ना? बरोबर. यासाठी 'सेट-अप टाइम' समजून घ्यायला हवा.

समजा, बारवर भोकं पाडायची आहेत. टेपने मोजायचं, खडूने खुणा करायच्या, काटकोन बघायचा, शिकंजात धरायचं, यात ४० मिनिटं गेली. प्रत्यक्ष भोकं पाडायला १० मिनिटं. एकच नग केला तर ५० मिनिटं. तेच आठ नग एकदम केले तर ४० + ८० = १२० मिनिटं, म्हणजे नगाला १५. म्हणूनच कारखानदार म्हणतो, "आठ घ्या, एक परवडत नाही."

आता भोकांच्या जागा ठरलेली एक जाड पट्टी, म्हणजे आपली ड्रिल जिग, बनवून ठेवली. बार तिच्यात सरकवला, पाचर मारली, झालं. तयारीला ५ मिनिटं. एका नगाला ५ + १० = १५ मिनिटं! म्हणजे एक नग आता आठाच्या भावात पडतो. मास कस्टमायझेशनचं गणित हेच : तयारीचा वेळ कमी केला की एकटा नगही परवडतो. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी टोयोटात हजार टनी प्रेसचा डाय बदलायचा वेळ चार तासांवरून तीन मिनिटांवर आणला होता. आमची जिग भंगारातल्या पट्टीची होती, पण तत्त्व तेच.

जिथे आम्ही चुकलो

लेख इथेच संपवला असता तर छान यशोगाथा झाली असती. पण खरं सांगायला हवं. क्लॅम्पचा पहिला रेजर मुरमाड रानात गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. दगडाला अडून एक दांडा बारवर चार इंच सरकला होता. शेतकरी वैतागलेला. मामा काही बोलले नाहीत, पण माझा चेहरा पडला. क्लॅम्प फक्त घर्षणावर धरून ठेवतो आणि धक्का बसला की घर्षण पुरत नाही. ड्रॉइंगवर हे मला दिसायला हवं होतं.

उपाय मामांनीच काढला. बारवर चारही अंतरांच्या जागी भोकं पाडायची आणि क्लॅम्पमधून आरपार पिन घालायची. म्हणजे क्लॅम्प घट्ट धरणार आणि पिन सरकू देणार नाही. अंतर आता कुठेही ठेवता येत नाही, चारच जागी. मी म्हटलं, "मग पर्याय कमी झाले की." मामा म्हणाले, "चारच लागत्यात. पाचवं कुणी मागितलंय का आजपतूर?" वहीत खरंच कोणी मागितलं नव्हतं. इथे मला एक मोठी गोष्ट कळली. पर्याय जास्त देणं म्हणजे चांगलं कस्टमायझेशन नव्हे. गिऱ्हाइकाला खरोखर लागणारे पर्याय द्यायचे आणि ते मजबूत द्यायचे.

दुसरी चूक जुनीच होती. 'चार फुटी सरी' म्हणजे कुठून कुठे? एकजण दोन दांड्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतो, दुसरा आतल्या कडांतलं अंतर मोजतो. यापायी मामांना पूर्वी फुकट कापून पुन्हा जोडून द्यावं लागलं होतं. म्हणून आम्ही ऑर्डरचा एक पानी कागद केला. वर रेजरचं चित्र, अंतर कुठून मोजायचं त्याचे बाण, खाली चार प्रश्न आणि चौकोन. गिऱ्हाइकाने खूण करायची. नॅशनल बायसिकलची ती मापाची फ्रेम आणि आमचा हा झेरॉक्स कागद, काम दोघांचं एकच.

कस्टमायझेशनच्या चार तऱ्हा

पाइन आणि गिलमोर यांनी १९९७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये याच्या चार तऱ्हा सांगितल्या. परीक्षेला येतात, म्हणून आपल्या भागातल्या उदाहरणांसह देते.

पहिली, ग्राहकाशी बोलून ठरवायची : ठिबकवाला रानात येऊन मोजमाप घेतो, पीक विचारतो आणि आराखडा करतो ती. दुसरी, ग्राहकाने स्वतः जुळवून घ्यायची : पिन काढून अंतर बदलायचा आमचा रेजर. तिसरी, फक्त बाहेरून वेगळी : ट्रॉली सगळ्यांची सारखीच, पण मागच्या फळीवर कोणाच्या मुलांची नावं तर कोणाचं 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. हसू नका, पेंटरचे ते अर्ध्या दिवसाचे काम गिऱ्हाइकाला फार मोलाचं वाटतं. चौथी, ग्राहकाला न सांगता केलेली : कोणाचं रान दगडाचं आहे हे मामांना माहीत असतं, त्याच्या फाळाच्या टोकावर ते न विचारता कठीण वेल्डिंगचा थर चढवतात. शेतकऱ्याला एवढंच कळतं की आण्णांचा फाळ जास्त टिकतो.

ही चौथी तऱ्हा मोठ्या कंपनीला खूप माहिती गोळा करून जमवावी लागते. छोट्या उद्योजकाच्या ती डोक्यात असते. लहान उद्योगाची खरी ताकद इथे आहे असं मला वाटतं.

सगळीकडे चालेल का?

नाही. कळसजवळच वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या त्या वसाहतीतल्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनते, इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंगही बनले. तिथे एकेका कामाचं डिझाइन वेगळं असतं आणि ते तसंच असायला हवं. उलट नट-बोल्ट कोणी मापाने बनवून मागत नाही, ते एकसारखेच हवेत. मास कस्टमायझेशन या दोघांच्या मधल्या जागेसाठी आहे : गरजा वेगळ्या आहेत, पण त्या वेगळेपणाला काही ठरावीक पायऱ्या आहेत, अशा ठिकाणी. मामांच्या गेटांना आम्ही हातही लावला नाही. प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा वेगळं गेट हवं असतं आणि त्यासाठी तो आनंदाने थांबतो!

शिवाय आधी भाग बनवून ठेवायचे म्हणजे आधी पैसे घालायचे. लहान वर्कशॉपला ते सोपं नाही. म्हणून आम्ही सगळ्यात जास्त खपणाऱ्या दांडा, क्लॅम्प आणि पंख या तीनच भागांपासून सुरुवात केली.

कोणाला आपल्या गावच्या किंवा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये हे करून बघायचं असेल तर क्रम असा ठेवा :

१) ऑर्डरची वही वाचा, बिलं नव्हे. वहीत गिऱ्हाइकाचे शब्द असतात.
२) वेगळेपणाचे प्रश्न वेगळे काढा. पाच-सहाच्या वर गेले तर पुन्हा विचार करा.
३) जोड ठरवा आणि तो बदलू नका.
४) बदल शक्य तितका शेवटी ढकला.
५) तयारीचा वेळ घड्याळ लावून मोजा, मग जिग करा.
६) पहिला नग सर्वांत वाईट रानात पाठवा. (हे आम्ही चुकून केलं, पण बरंच झालं.)

सध्या रेजरची ऑर्डर आठ-दहा दिवसांऐवजी दोन दिवसांत पुरी होते. कल्टिव्हेटरचं अजून जुन्याच पद्धतीने चाललंय, पुढच्या सुट्टीत ते घ्यायचं आहे. किंमत कंपनीच्या बरोबरीला आलेली नाही, थोडी जास्तच आहे. एजन्सीचा विचार मामांनी सोडला का? पूर्ण नाही. "एक हंगाम बघू" असं म्हणालेत. शेडमधली दोन्ही माणसं तिथेच आहेत. ऑर्डरचा कागद संपला की त्यातला धाकटा मला फोन करतो, "ताई, झेरॉक्सला कुठलं पान द्यायचं?"

परीक्षेत व्याख्या मी पुन्हा तीच लिहीन, मार्क तिलाच आहेत. पण आता तो प्रश्न वाचला की मला परदेशी बूट आठवत नाहीत. कापायला आणलेला तो कोरा रेजर आठवतो. तुमच्या गावातही कोणीतरी अशी नवी वस्तू कापायला आणत असेल. मित्रांनो, तिथे जाऊन बसा. आपल्या प्रोजेक्टचा विषय तिथे पडलेला आहे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी